वतन गेले, झाडूचा वारसा उरला!

काही वर्षांपूर्वी सांगलीतल्या एका हॉटेलच्या सभागृहात आमच्या कार्यालयाचे एक दिवसाचे प्रशिक्षण शिबिर होते. विषय होता 'कर्मचाऱ्यांची प्रेरणा'. पुण्याहून आलेल्या टायवाल्या प्रशिक्षकांनी प्रत्येकाच्या हातात एक चिठ्ठी दिली आणि सांगितले, "तुम्ही रोज कामावर का येता, ते एका ओळीत लिहा. नाव लिहू नका." चिठ्ठ्या गोळा झाल्या, मोठ्याने वाचल्या गेल्या. कुणी पगार लिहिला होता, कुणी पेन्शन, कुणी पदोन्नती. कुणी साहेबांच्या दोन गोड शब्दांसाठी येत होता, तर एका चिठ्ठीत 'घरी बसून काय करू?' असेही होते. सभागृह हसले. मग प्रशिक्षकांनी फळ्यावर त्रिकोण काढला आणि माणसाच्या गरजांच्या पायऱ्या समजावून सांगितल्या.

त्या सभागृहात आणखी एक कर्मचारी होती. आमच्याच कार्यालयात ठेकेदारामार्फत झाडलोट करणारी एक बाई. त्या दिवशी तिला चहाचे ट्रे फिरवायला आणि उष्टे कप उचलायला आणले होते. पूर्ण दिवस ती आमच्यामधून फिरली, पण चिठ्ठी तिच्या हातात कुणी दिली नाही. प्रशिक्षकांनी दिली नाही, साहेबांनी दिली नाही, आणि खरे सांगायचे तर मीही दिली नाही. संध्याकाळी खुर्च्या आवरताना मी तिला विचारले, "मावशी, तुम्ही कामावर कशासाठी येता?" ती म्हणाली, "काय सांगू दादा? पोरीच्या हातात ह्यो झाडू येऊ नये म्हणून येतोय बघा."

त्या दिवशीच्या सगळ्या चिठ्ठ्या एका पारड्यात आणि हे एक वाक्य दुसऱ्या पारड्यात टाकले, तर कुठले पारडे जड होईल? आम्ही सगळे आमच्या कामात वर चढण्यासाठी कामावर येत होतो. ती बाई मात्र ते काम आपल्या घरातून कायमचे हद्दपार व्हावे म्हणून ते काम करत होती. फळ्यावरच्या त्रिकोणात या माणसाला जागा कुठे आहे?

मसूरचा गाडीवान

अब्राहम मॅस्लो या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९४३ साली गरजांच्या पायऱ्या मांडल्या. आधी अन्न, वस्त्र, निवारा, मग सुरक्षितता, मग आपलेपणा, मग मानसन्मान, आणि सर्वांत वर स्वतःमधल्या शक्तीचा पूर्ण विकास. मांडणी वाईट नाही. पण ती असे गृहीत धरते की शिडी सर्वांसाठी सारखीच उभी आहे आणि चढायचे की नाही एवढाच प्रश्न आहे. आपल्या देशात शिडीला पायऱ्या किती, हे जन्मावर ठरत आले. कुणाच्या वाट्याला पाचही पायऱ्या, तर कुणाच्या वाट्याला जमिनीवर उभे राहून दुसऱ्याची शिडी धरणे!

याचा पहिला धडा बाबासाहेबांना सातारा जिल्ह्यातच मिळाला. ७ नोव्हेंबर १९०० रोजी त्यांचे नाव साताऱ्याच्या सरकारी शाळेत दाखल झाले. आजचे प्रतापसिंह हायस्कूल ते हेच, आणि २०१७ पासून ७ नोव्हेंबर हा दिवस महाराष्ट्रात विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. त्यानंतरच्या उन्हाळ्यातली, १९०१ सालची ती हकीकत चळवळीच्या वाचकांना नवी नाही. सुभेदार रामजी तेव्हा खटाव तालुक्यात तलावाच्या दुष्काळी कामावर कॅशियर होते. म्हणजे उपाशी मजुरांची मजुरी ज्याच्या हातून वाटली जात होती, तो माणूस अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजाचा होता! त्यांच्याकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे भाऊ आणि बहिणीची मुले साताऱ्याहून निघाली आणि मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर चांगले कपडे, खिशात भाड्याचे पैसे. पण मुले महाराची आहेत हे कळताच एकही बैलगाडीवाला तयार होईना. अखेर स्टेशन मास्तरांनी तोडगा काढला. भाडे दुप्पट द्यायचे, गाडी मुलांनी हाकायची आणि गाडीवानाने बाजूने चालायचे.

ही हकीकत आपण नेहमी अस्पृश्यतेचे उदाहरण म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. पण ती कामगाराच्या प्रेरणेचीही गोष्ट आहे. गाडी हाकणे हा त्या गाडीवानाचा धंदा होता. गिऱ्हाईक समोर उभे होते, भाडे दुप्पट मिळत होते. कुठल्याही अर्थशास्त्राच्या पुस्तकाप्रमाणे त्याने आनंदाने कासरा हातात घ्यायला हवा होता. त्याने पैसे घेतले, पण कासरा धरला नाही. स्वतःच्या बैलांच्या बाजूने पायी चालणे त्याने पसंत केले. पैसा माणसाला कामाला लावतो असे म्हणणाऱ्यांनी मसूरच्या स्टेशनवर एकदा उभे राहून विचार करावा. या देशात जात ही पैशापेक्षा मोठी 'प्रेरणा' ठरलेली आहे!

मन नसलेले काम

पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी बाबासाहेबांनी जे भाषण लिहिले आणि जे मंडळाने होऊ दिले नाही, त्यात त्यांनी या रोगाचे नेमके निदान केले. जातिव्यवस्था म्हणजे श्रमविभागणी आहे, असा युक्तिवाद तिचे समर्थक करत होते. बाबासाहेबांनी दाखवून दिले की ही नुसती श्रमाची विभागणी नव्हे, ही श्रमिकांची विभागणी आहे, आणि तीही उतरंडीची. त्यात माणसाची आवड, त्याची कुवत, त्याची निवड यांना काडीची किंमत नाही. काम जन्माने ठरते. ज्या धंद्याकडे समाज तुच्छतेने पाहतो, तो धंदा करणाऱ्याच्या मनात त्या धंद्याविषयी तिटकारा निर्माण होतो आणि त्यातून पळ काढावा असेच त्याला वाटत राहते. ज्या कामात माणसाचे मन नाही आणि बुद्धीही नाही, त्या कामात कार्यक्षमता कुठून येणार, हा त्यांचा सवाल होता.

लक्षात घ्या, हे १९३६ साल आहे. मॅस्लोचा निबंध यायला अजून सात वर्षे होती. कामगाराला प्रेरणा कशाने मिळते आणि कशाने मारली जाते, याचा विचार आपल्या बापाने त्याआधीच करून ठेवला आहे. आमच्या व्यवस्थापन संस्थांच्या अभ्यासक्रमात त्याला किती पाने मिळतात, हे ज्याचे त्याने तपासावे.

हे निदान त्यांनी पुस्तकातून काढलेले नव्हते. महार वतन त्यांच्या डोळ्यांसमोर होते. गावकामगार म्हणून महाराने काय करायचे? चावडीवर माणसे बोलावून आणायची, सरकारी टपाल आणि खजिना पोहोचवायचा, साहेबांच्या घोड्यामागे धावायचे, मर्तिकाचे निरोप परगावी न्यायचे, मेलेले ढोर ओढायचे. रात्र नाही, दिवस नाही. वतनदार आजारी पडला तर घरातल्या दुसऱ्याने हजर व्हायचे. म्हणजे नोकर एक नव्हे, अख्खे घर नोकर! आणि मोबदला? तुकडाभर इनाम जमीन, गावाची मर्जी असेल तर बलुते, आणि दारोदार मागितलेली भाकरी. १९२८ साली मुंबई कायदे मंडळात बाबासाहेबांनी वतन कायद्यात दुरुस्तीचे बिल मांडले. त्यांचा आग्रह साधा होता. कामाच्या बदल्यात सरकारने रोख, ठरलेला पगार द्यावा, आणि वतन नको असेल त्याला ते सोडण्याची मोकळीक असावी. ते बिल त्या वेळी तडीस गेले नाही. वतने संपवणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, तेव्हा बाबासाहेब हयात नव्हते.

त्या मागणीतल्या दोन गोष्टी नीट पाहा: ठरलेला रोख पगार आणि काम सोडण्याचा हक्क. कामगाराची प्रेरणा या दोन गोष्टींपासून सुरू होते. ज्याला काम सोडता येत नाही, त्याला 'मोटिव्हेट' करणे म्हणजे दावणीच्या बैलाला शाबासकी देणे आहे.

ही गोष्ट मुंबईच्या गिरण्यांमध्येही खरी होती. आपल्या सातारा भागातली कितीतरी माणसे तिथे गेली. गावचा जाच चुकला, पण जात गिरणीच्या फाटकातून आत आलीच. विणकाम खात्यात पगार जास्त होता, पण तिथे धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे. अस्पृश्याच्या तोंडाचा धोटा आम्ही तोंडाला लावणार नाही, असे सवर्ण कामगारांनी ठरवले आणि आपल्या माणसाला त्या खात्याची दारे बंद झाली. मालकाने नव्हे, सोबतच्या कामगाराने बंद केली! १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांसमोर रोखठोक ठेवला. दहा वर्षांनी, १९३८ साली मनमाडच्या रेल्वे कामगार परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले, ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. आणि १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना त्यांनी कामाचे तास आठवड्याला ४८ वर आणण्याच्या कायद्यापासून सेवायोजन कार्यालयांपर्यंत कामे मार्गी लावली. आज जे आठ तास काम करून घरी जातात, त्यांतल्या किती जणांना हे ठाऊक आहे?

कृष्णाकाठचे चार दाखले

मग माणूस मनापासून काम केव्हा करतो? याचे उत्तर शोधायला अमेरिकेत जायची गरज नाही. १९४९ साली सातारा जिल्ह्याची फाळणी होऊन दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० साली त्याचे नाव सांगली पडले. या एकाच मुलखाच्या दोन तुकड्यांत चार दाखले सापडतात.

पहिला दाखला कर्मवीर भाऊराव पाटलांचा. १९१९ साली कराड तालुक्यातल्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग उभे राहिले. सर्व जातींची पोरे एका पंगतीत जेवली. ती पोरे दगड फोडत होती, माती वाहत होती, शेतात राबत होती. वतनातला महारही दगड-माती उचलत होता. श्रम तोच, घाम तोच. पण या पोरांच्या घामातून त्यांचीच वही आणि त्यांचीच परीक्षेची फी निघत होती. 'कमवा आणि शिका' ही योजना यशस्वी झाली, कारण तिथे श्रमाचे फळ श्रम करणाऱ्याच्या हाती पडत होते. अंगमेहनत माणसाला कमीपणा आणत नाही. ती लादली आणि तिचे फळ हिरावले, तर आणते.

दुसरा दाखला आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा. औंध संस्थानात १९३९ च्या सुमारास मॉरिस फ्रीडमन या पोलंडमध्ये जन्मलेल्या इंजिनिअरच्या पुढाकाराने ही कैद्यांची खुली वसाहत सुरू झाली. खुनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेली माणसे, पण भिंत नाही, बेड्या नाहीत. जमीन कसायची, बायकामुलांसह राहायचे. याच प्रयोगावरून माणदेशच्या ग. दि. माडगूळकरांनी कथा लिहिली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आंखें बारह हाथ' काढला. त्यानंतर तीन वर्षांनी, १९६० साली डग्लस मॅकग्रेगर या अमेरिकन प्राध्यापकाने सिद्धांत मांडला की मालक दोन तऱ्हेचे असतात. एकाला वाटते, माणूस आळशीच, त्याला काठी हवी. दुसऱ्याला वाटते, विश्वास टाकला तर माणूस आपण होऊन जबाबदारी घेतो. आटपाडीच्या माळावर हे आधीच करून पाहिले गेले होते! मी विचारतो, खून केलेल्या माणसावर विश्वास टाकता येतो, तर पहाटे पाचला उठून शहर झाडणाऱ्या माणसावर का टाकता येत नाही? त्याच्या हजेरीवर मुकादम, मुकादमावर निरीक्षक, वर हजेरीचे यंत्र. एवढा पहारा तर स्वतंत्रपूरच्या कैद्यांवरही नव्हता.

तिसरा दाखला तासगाव तालुक्यातल्या विसापूरचा. विधान परिषदेचे अनेक वर्षे सभापती राहिलेले वि. स. पागे इथले. रोजगार हमीची कल्पना त्यांची, आणि तिचा पहिला प्रयोगही याच भागात झाला. १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर पोहोचली, १९७७ साली कायदा झाला आणि २००५ साली केंद्राने देशासाठी कायदा केला. या योजनेत खडी फोडणाऱ्या भूमिहीन बाईला जे मिळाले, ते मजुरीपेक्षा मोठे होते. गावातल्या बागायतदाराने कमी मजुरी देऊ केली तर 'नाही येत, जा' असे म्हणण्याची ताकद तिला मिळाली. 'नाही' म्हणता येऊ लागले की माणूस गुलाम राहत नाही. तिच्या कामावर भ्रष्टाचाराची वाळवी चढली हे खरे, पण कल्पनेची ताकद त्याने कमी होत नाही.

चौथा दाखला येरळा नदीचा. १९८२ च्या गिरणी संपानंतर मुंबईहून परतलेल्या कामगारांनी आणि खानापूर तालुक्यातल्या दुष्काळी शेतकऱ्यांनी ऐंशीच्या दशकात मुक्ती संघर्ष चळवळीतून बलवडी आणि तांदूळवाडी या गावांसाठी बळीराजा धरण उभे केले. नदीची वाळू विकून पैसा उभा केला, लोकांनी श्रमदान केले. पण त्यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी की पाण्यावर भूमिहीनांचा आणि बायकांचाही हक्क मानला गेला. ज्याच्याकडे गुंठाभर जमीन नाही, तोही त्या पाण्याचा वाटेकरी. वाटा असेल तर माणूस फावडे हातात घ्यायला बोलावण्याची वाट पाहत नाही.

या चार दाखल्यांत श्रमाचे फळ, विश्वास, नाही म्हणण्याचा हक्क आणि वाटा अशा चार गोष्टी सापडतात. आता यांतली एक तरी गोष्ट आपल्या शहरांतल्या झाडूवाल्याला मिळते का, ते पाहू.

लाड-पागे आणि नवे वतन

महाराष्ट्रात लाड आणि पागे या समित्यांच्या शिफारशींनुसार सफाई कामगार निवृत्त झाला, मरण पावला किंवा त्याने स्वेच्छानिवृत्ती घेतली, तर त्याच्या वारसाला नोकरी मिळते. २०२३ च्या फेब्रुवारीत शासनाने याबाबतचे जुने आदेश एकत्र करून नवा निर्णय काढला आणि तो वादही न्यायालयापर्यंत गेला. आपल्या वस्त्यांमध्ये या वारसा हक्कासाठी माणसे वर्षानुवर्षे फायली घेऊन फिरतात, उपोषणाला बसतात. हा प्रश्न अवघड आहे आणि चळवळीने तो टाळू नये, म्हणूनच हा लेख लिहितो आहे.

एका बाजूने पाहिले तर हा हक्क म्हणजे आधार आहे. घाणीत आयुष्य काढून बाप गेला, तर घराची चूल विझू नये. खासगीकरणाच्या काळात कायम नोकरी, पेन्शन, कर्ज मिळण्याइतकी पत दुसरीकडे कुठे मिळणार? हा हक्क काढून घ्या असे म्हणणारा माणूस एक तर त्या वस्तीत राहिलेला नाही किंवा त्याला त्या जागा ठेकेदाराला द्यायच्या आहेत. कुणीही हा हक्क काढायला आला, तर आपण रस्त्यावर उतरलेच पाहिजे.

पण दुसरी बाजूही पाहा. कलेक्टरची खुर्ची वारसाने मिळत नाही, प्राध्यापकाची मिळत नाही, कारकुनाचीही सहसा मिळत नाही. झाडूची मात्र मिळते. असे का? कारण या कामाला दुसऱ्या जातीतून कुणी येणार नाही, हे व्यवस्थेने मनोमन गृहीत धरले आहे. बापाच्या हातचे काम मुलाच्या हाती, बाप पडला तर घरातला दुसरा. ओळखीचे वाटते ना? १९५८ साली कायद्याने जे वतन गेले, त्याची सावली नगरपालिकेच्या आस्थापना विभागात शिल्लक आहे. मुलगा बी.ए. होतो, बी.एस्सी. होतो आणि बापाच्या जागी खराटा घेऊन उभा राहतो, कारण पोट थांबत नाही. त्या मुलाला आता कुणी सांगावे की काम ही पूजा आहे?

आणि वारसा तरी किती जणांना? सातारा असो, सांगली-मिरज-कुपवाड असो की आणखी कुठले शहर, कायम सफाई कामगार कमी होत चालले आणि ठेकेदाराची माणसे वाढत चालली, हे चित्र राज्यभर दिसते. ठेक्यावरच्या माणसाला ना वारसा, ना पेन्शन, ना पदोन्नती. ठेकेदार बदलला की तोच माणूस पुन्हा पहिल्या दिवसापासून नवा! २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेने सांगलीत आयर्विन पुलाजवळ ५७ फुटांची पातळी गाठली. पाणी ओसरले तेव्हा घराघरांतून निघालेला चिखल, कुजलेले धान्य, मेलेली जनावरे कुणी उचलली? २०२० च्या मार्चमध्ये देशाने टाळ्या वाजवल्या, थाळ्या वाजवल्या, सफाई कामगाराला 'योद्धा' म्हटले. योद्ध्याला निदान हातमोजे, गमबूट आणि वेळेवर पगार तरी द्याल की नाही? शाल आणि फुले यांनी क्षणभर बरे वाटते, पण दुकानदार फुलांवर किराणा देत नाही.

गटारात उतरून मेलेल्या माणसांची गोष्ट तर याहून काळी. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध २०१३ साली कायदा झाला. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली मृताच्या कुटुंबाला १० लाख रुपये देण्याचा आदेश दिला आणि २०२३ साली ती रक्कम ३० लाख केली. मेल्यावर माणसाची किंमत वाढली. जिवंतपणी कधी वाढणार?

हीच गत उसाच्या फडातली. सातारा-सांगलीच्या कारखान्यांचे धुराडे पेटते ते बीडच्या, नगरच्या आणि याच जिल्ह्यांतल्या माण, जत, आटपाडीच्या दुष्काळी टापूतल्या कोयत्यांवर. नवराबायकोचा मिळून एक कोयता. हंगामाआधी मुकादम उचल देतो. कारखान्याच्या भाषेत तो आगाऊ पैसा, पण मजुराच्या बाजूने ते कर्ज आहे. तो उद्याच्या आशेने ऊस तोडत नाही, कालची उचल फेडण्यासाठी तोडतो. कर्ज फेडणे आणि प्रेरणा यांत जमीन-अस्मानाचे अंतर आहे.

खुर्चीवरच्या आपल्या माणसासाठी

आता थोडे आपल्याविषयी. राखीव जागेवरून नोकरीत आलेला मागासवर्गीय कर्मचारी कशासाठी काम करतो? पहिल्या दिवसापासून त्याच्याकडे संशयाने पाहिले जाते. 'कोट्यातला' हा शब्द त्याच्या पाठीमागे फिरतो. त्याला अडगळीचे टेबल मिळते, गोपनीय अहवालात शेरा मिळतो. शेजारच्याने एक चूक केली तर ती चूक असते, याने केली तर ती आरक्षणाची चूक ठरते! म्हणून आपले कितीतरी लोक दुप्पट काम करतात. ही प्रेरणा आहे की धास्ती, हे त्यांचे त्यांनाच माहीत.

आणि वर चढण्याची वाट? पदोन्नतीतील आरक्षणाचा २००४ सालचा शासन निर्णय २०१७ साली उच्च न्यायालयाने रद्द ठरवला, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, आणि ७ मे २०२१ च्या शासन निर्णयाने पदोन्नतीतल्या राखीव ३३ टक्के जागाही सेवाज्येष्ठतेने भरण्याचा मार्ग मोकळा केला. वीस-पंचवीस वर्षे प्रामाणिकपणे काम केलेल्या माणसाने बिंदुनामावलीतली आपली जागा डोळ्यांदेखत जाताना पाहिली. २०२३ साली तर सरकारी पदेच खासगी संस्थांमार्फत कंत्राटी भरण्याचा निर्णय आला आणि लोकांच्या रोषामुळे त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मागे घ्यावा लागला. कागद मागे घेतला, पण मनसुबा मागे घेतला असे समजून झोपू नका. ठेकेदारीत आरक्षण नाही.

पण सगळा दोष सरकारवर टाकून आपण मोकळे होऊ शकत नाही. पुण्याच्या संरक्षण खात्याच्या प्रयोगशाळेत साठच्या दशकात बुद्ध जयंती आणि आंबेडकर जयंतीची सुटी रद्द झाली, तेव्हा दीनाभाना नावाच्या चतुर्थ श्रेणी कर्मचाऱ्याने नोकरीची पर्वा न करता विरोध केला. ते मूळचे राजस्थानचे, भंगी समाजाचे. त्यांची ती हिंमत पाहून तिथे अधिकारी असलेले कांशीरामजी हलले, त्यांनी पुढे नोकरी सोडली आणि १९७८ साली बामसेफ उभी राहिली. समाजाचे ऋण फेडा, हा तिचा कर्मचाऱ्यांना संदेश होता. पेटवणारा माणूस कोण होता ते विसरू नका. तो साहेब नव्हता, झाडूवाल्यांच्या समाजातला चतुर्थ श्रेणी कर्मचारी होता.

आज आपल्या कर्मचारी संघटना काय करतात? वेतन आयोग, महागाई भत्ता, बदल्या. हे प्रश्न खरे आहेत, ते लढलेच पाहिजेत. पण आपल्याच कार्यालयात ठेक्यावर झाडणाऱ्या बाईचा पीएफ भरला जातो का, तिला किमान वेतन मिळते का, हे किती संघटनांनी कधी विचारले? तिला सभासद तरी करून घेतले का? १४ एप्रिलची वर्गणी आपण हजारांनी देतो, आणि त्या मंडपाच्या मागचा कचरा उचलणाऱ्या आपल्याच माणसाची हजेरी ठेकेदार कापतो. मी स्वतःला यातून वगळत नाही. त्या शिबिरात चिठ्ठी माझ्याही हातात होती.

तेव्हा मागण्या स्पष्ट हव्यात. सफाईचे काम कायम स्वरूपाचे आहे, शहर एक दिवसही त्याशिवाय चालत नाही, म्हणून ते करणारा माणूसही कायम झाला पाहिजे. वारसा हक्क अबाधित राहिला पाहिजे, पण शिकलेल्या वारसाच्या हाती झाडू न देता त्याच्या शिक्षणाप्रमाणे जागा दिली पाहिजे. नोकरीचा वारसा असावा, झाडूचा नसावा. गटारात माणूस नव्हे, यंत्र उतरले पाहिजे आणि ते यंत्र चालवण्याची तांत्रिक जागा, तांत्रिक पगारासह, आधी याच कामगाराला मिळाली पाहिजे. हे काम इतके सुरक्षित आणि इतक्या पगाराचे व्हावे की सर्व जातींचे तरुण त्यासाठी अर्ज करतील. ज्या दिवशी ती रांग लागेल, त्या दिवशी जातीची पकड सुटायला लागली असे समजू. आणि या मागण्यांसाठी पहिले निवेदन कायम पगारावर असलेल्या आपल्या कर्मचाऱ्यांनी द्यावे, कारण त्यांना कामावरून काढण्याची धमकी ठेकेदार देऊ शकत नाही.

त्या मावशीची मुलगी सध्या नर्सिंगचे शिक्षण घेते आहे. फी दरवर्षी थकते, कधी उधारीने, कधी भिशीने भागते. मावशी अजून त्याच ठिकाणी झाडते. मधल्या काळात ठेकेदार तीनदा बदलले आणि प्रत्येक वेळी ती 'नवीन' ठरली. गेल्या महिन्यात तिच्या पीएफच्या नोंदी काढायला आम्ही तिघे सहकारी तिच्याबरोबर जाऊन बसलो. मधल्या काही महिन्यांची रक्कम भरलेलीच नाही, असे दिसले. अर्ज दिला आहे, पोच घेतली आहे, पुढच्या आठवड्यात पुन्हा जाणार आहोत. आपल्या कार्यालयातही अशी एखादी मावशी असेलच. तिचे नाव, तिच्या ठेकेदाराचे नाव आणि तिचा पीएफ क्रमांक एवढ्या तीन गोष्टी उद्या विचारा. चळवळ तिथूनही सुरू होते.

जय भीम!